रोशनीला घरी जायचं नव्हतं

"मॅडम, सर्जरी वॉर्डातली निमजे पळाली."

फोनवर सिंधूताई सिस्टर होत्या, आणि सिंधूताई सहसा घाबरत नसत. अरुंधती वझलवारने चहाचा कप तसाच टेबलावर ठेवला.

"पळाली म्हणजे? आज तिचा डिस्चार्ज आहे."

"तेच तर म्हनून राहिली मी. घरी जायच्या दिवशी कोन पळते?"

प्रश्न चोख होता. अरुंधतीने खोलीला कडी घातली आणि जिना उतरायला लागली.

ती त्या मोठ्या सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक होती. मार खाल्लेली, भोसकलेली, जाळलेली माणसं इथे यायची. डॉक्टर त्यांना शिवायचे, पोलीस त्यांचे जबाब घ्यायचे, आणि या दोघांच्या मधे जे काही उरायचं ते अरुंधतीच्या गळ्यात पडायचं. नातेवाईक शोधा, वकील गाठा, समजूत काढा, घरी पोचवा. नोकरीच्या सुरुवातीला तिला वाटायचं की आपण माणसांना सावरतो. आता तिला तसं वाटत नव्हतं, पण काम चालू होतं.

रोशनी निमजे ही विशीतली मुलगी बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात शिलाई मशीनवर काम करायची. राहायची इतवारीत, आत्याकडे. धान्याच्या गोदामामागच्या बोळात एका हमालाला ती संध्याकाळी बेशुद्ध सापडली. डोकं फुटलेलं, चेहरा रक्ताने माखलेला. तिचा कारखान्यातला मित्र सुमंत तिला मांडीवर घेऊन बसला होता आणि हमालाला पाहताच पळाला. शर्टावर रक्त, वर पळून गेला. पोलिसांना एवढं पुरेसं होतं. सुमंत तेव्हापासून कोठडीत होता.

रोशनीचा जबडा तुटला होता. वरचे-खालचे दात तारेने आवळून बांधलेले. बोलणं बंद, चावणं बंद. तारा अजून कित्येक आठवडे राहणार होत्या.

अरुंधतीला ती ओपीडीच्या हॉलमध्ये सापडली. कूलरसमोरच्या बाकावर, केसपेपर घेऊन बसलेल्या बायकांच्या रांगेत, ओढणी नाकावर ओढून. हातात वॉर्डातली पाटी होती. बोलता येत नसलेल्या पेशंटला सिंधूताई ती देत.

अरुंधती शेजारी बसली. "घरी जायचं नाही?"

रोशनीने मान हलवली. नाही.

"कोणाची भीती वाटते? सुमंत तर आत आहे."

रोशनीने पाटी मांडीवर घेतली. 'त्याला सोडा. त्याने नाही मारलं.'

"मग कोणी मारलं?"

'आठवत नाही.'

"सुमंतने मारलं नाही हे आठवतं, आणि मारलं कोणी ते आठवत नाही?"

रोशनीने तळहाताने पाटी पुसली आणि पुन्हा काही लिहिलं नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अरुंधतीला एक गोष्ट मात्र कळली. मुलीला सगळं आठवतंय. आणि ज्याने मारलं तो कोठडीत नाही.

"काय करून राहिली वं इथं? सारा दवाखाना डोक्यावर घेतला तू."

रोशनीचा बाप देवराव हॉलच्या दारातून ओरडत आला. कोराडीला कोळशाच्या ट्रकवर काम करणारा हा दांडगा माणूस दुसऱ्या बायकोसोबत तिकडेच राहायचा. त्याच्या मागे त्याची थोरली बहीण पार्वतीबाई होती, खांद्याला कापडी पिशवी अडकवलेली. दोघं समोर येताच रोशनीने अरुंधतीचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली.

"रागावू नको गा तिले," पार्वतीबाई भावाला म्हणाली. "सकाळपासून पोटात काई नाई लेकराच्या."

ती रोशनीच्या दुसऱ्या बाजूला बसली. पिशवीतून तिने थर्मास काढला आणि मग एक पितळी बोंडलं, लांब चोचीचं, तान्ह्या बाळाला दूध पाजायला वापरतात तसलं. त्यात गाळलेली पेज ओतली, हाताच्या उलट्या बाजूवर थेंब टाकून गरम आहे का पाहिलं, आणि चोच रोशनीच्या ओठांच्या कडेला लावली. रोशनीने डोळे मिटले आणि घोट घोट पेज पिऊन टाकली.

"याच बोंडल्यानं पाजलं जी मी हिले," पार्वतीबाई म्हणाली. "हिची माय गेली तवा ही तानी होती. बापानं दुसरी केली. मले ना लेकरू ना बाळ. हीच एक."

शोधाशोध करत सिंधूताईही तिथे पोचल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अशी आत्या साऱ्यायले भेटो, मॅडम. पहिल्या दिवशी धावत आली, तवा बी पिशवीत हे बोंडलं अन पेज होती. पोरीले आम्ही अजून आतच ठेवलं होतं, भेटू बी देल्लं नव्हतं. मी म्हनलं, आज पोटात काई द्यायचं नाई. मंग बिचारी ते उराशी धरून बाहेरच बसली."

अरुंधतीने मान डोलावली. तिचं लक्ष देवरावकडे होतं.

तिने डॉक्टर गार्गींना गाठलं. "आजचा डिस्चार्ज थांबवता येईल?"

"एक दिवस. त्याच्यापुढे मला बेड लागेल," गार्गी म्हणाल्या. "मुलगी सुदैवी आहे म्हणायची. पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे डोक्याच्या जखमेमागे होतो. आत रक्तस्राव आहे की काय याचीच धास्ती. चेहरा सुजलेला, त्यावर पट्ट्या. जबडा तुटल्याचं दुसऱ्या दिवशी स्कॅनमध्ये कळलं."

"म्हणजे दोन वार?"

"निदान दोन. एक खालून जबड्यावर. दुसरा डोक्यावर, किंवा पडताना डोकं कशावर तरी आपटलं असेल."

अरुंधतीने देवरावला आपल्या खोलीत बोलावलं.

"रोशनी तुम्हाला घाबरते?"

"घाबरलंच पाह्यजे. बाप आहे मी."

"सुमंतवरून तिला काय म्हणाला होता तुम्ही?"

"तंगडं तोडीन म्हनलं होतं." तो जमिनीकडे बघत राहिला. "सारेच म्हनतात. तोडते कोन?"

"त्या संध्याकाळी कुठे होता?"

"कोराडीले. ट्रक खाली करून राहिलो होतो. गेटवरच्याले इचारा."

"कळलं कसं?"

"पोलिसाचा फोन आला. तुमच्या पोरीच्या डोक्याले लागलं, दवाखान्यात या. बस, एवढंच."

"आणि पार्वतीबाईंना कोणी कळवलं?"

"मीनंच. मले यायले टाइम होता, ती जवळ होती. म्हनलं, बाई, रोशनीच्या डोक्याले लागलं म्हनते, जा लवकर."

"जबड्याचं काही बोललात?"

"मले कुठं ठाऊक होतं? मले तं दुसऱ्या दिवशी मोठ्या मॅडमनं सांगतलं."

अरुंधतीने त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि उपनिरीक्षक मुकुंद देशकरांना फोन लावला. देशकर माणूस वाईट नव्हता. एकदा आरोपी सापडला की दुसरा शोधायचा त्यांना कंटाळा यायचा, इतकंच.

"बापाचं मी तेव्हाच तपासलंय, मॅडम. गेटवर नोंद आहे, तिथल्या कॅमेऱ्यात दिसतो. तो कोराडीतच होता. काहून त्याच्या मागे लागून राहिल्या?"

"मुलगी घरी जायला घाबरतेय."

"डोक्याला मार लागलाय तिच्या."

"आत्या कुठे होती त्या वेळी?"

"भजनात. तिनेच सांगितलं."

"भजनातल्या बायकांना विचारलं?"

मग देशकर म्हणाले, "मॅडम, ती आत्या आहे तिची. रात्रंदिवस उशाशी बसते ती."

"विचारून घ्या. आणि इकडे या."

अरुंधतीने फोन ठेवला. थंड झालेल्या चहावर साय धरली होती. हॉलमध्ये देवराव आणि पार्वतीबाई एकत्रच आले होते, आणि मुलीने मनगट धरलं ते बापाला पाहून असं तिने परस्पर ठरवून टाकलं होतं. पण देवराव ओरडत आत आला तेव्हा मुलगी हलली नव्हती. तिने मनगट धरलं ते दोघं समोर उभी राहिल्यावर.

अरुंधतीला आपलाच राग आला. याच पार्वतीबाईला तिने वॉर्डात चोवीस तास थांबायचा पास मिळवून दिला होता.

दुपारी देशकर आले. अरुंधतीने दोघा भावंडांना खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं.

"पार्वतीबाई, त्या संध्याकाळी देवरावांचा फोन आला तेव्हा ते काय म्हणाले?"

"डोक्याले लागलं म्हनले."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करनार? पेज टाकली. दवाखान्यात रिकाम्या हातानं जाऊ नाई."

"बरोबर. आजारी माणसाकडे कोणीही पेज नेईल. पण ती गाळली कशाला?"

पार्वतीबाईने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"डोक्याला लागलेल्या माणसाला वाटीने पाजतात, चमच्याने भरवतात. तुम्ही शितं गाळून काढली. आणि माळ्यावरून, ट्रंकेतून, जिथून असेल तिथून बोंडलं शोधून काढलं. मोठ्या मुलीला तान्ह्या बाळाचं बोंडलं. का?"

"माया असते, मॅडम. तुमाले नाई कळनार."

"माया आहे हे मला मान्य आहे. त्या मायेमुळेच तुम्ही सापडलात." अरुंधतीचा आवाज चढला नव्हता. "बोंडल्याची चोच बंद दातांच्या कडेने आत घालता येते. ज्याला तोंड उघडता येत नाही त्यालाच बोंडलं लागतं. रोशनीचं तोंड उघडत नाही हे त्या संध्याकाळी डॉक्टरांना माहीत नव्हतं. पोलिसांना नव्हतं, देवरावांना नव्हतं. तुम्हाला तर तिला बघूही दिलं नव्हतं. मग घरून निघतानाच तुम्हाला ते कसं माहीत होतं?"

देवराव वळून बहिणीकडे बघायला लागला.

"तिचा जबडा मोडलेला तुम्ही डोळ्यांनी पाहिला होता म्हणून. त्या बोळात तिला कोणी मारलंच नाही. जे झालं ते तुमच्या घरात झालं. मुलगी तशीच बाहेर पळाली, बोळात चक्कर येऊन पडली आणि डोकं फुटलं. तिला भेटायला आलेल्या सुमंतला ती तिथे सापडली. त्याने तिला मांडीवर घेतलं, आणि माणूस दिसल्यावर भित्रा पोरगा पळाला."

देशकर घसा खाकरत म्हणाले, "भजनात त्या दिवशी तुम्ही नव्हत्या, बाई. विचारलं मी."

पार्वतीबाईने पदराने तोंड पुसलं. तिला सुटल्यासारखं वाटत असावं, कारण ती अगदी सरळ बोलायला लागली.

"चटनी वाटून राहिली होती मी. ती आली अन म्हने, आत्या, सोमवारी मी सुमंतसंग पुण्याले जाते. लग्न करून राहिलो आमी. मी म्हनलं, जाय. पन मले कोन पाहीन? तं हसली. म्हने, तू का माही माय आहे? वरवंटा हातातच होता, मॅडम. मारला तवा कळलं का मारला."

"बाई," देवराव एवढंच म्हणाला.

"मंग ती पळाली. मी मागं नाई गेली. पाटा धुतला. तुहा फोन आला, तं पह्यले आठवलं का तिचं तोंड मोडलं, तिले खाता नाई येनार." तिने अरुंधतीकडे पाहिलं. "तुमी म्हनान, पाप लपवाले पाजलं. तसं नाई जी. ती चार घोट पेली का मले बरं वाटे. लहानपनी बी अशीच डोळे मिटून पे."

बाई खोटं बोलत नव्हती. या सगळ्या दिवसांत ती सुखात होती. मुलगी बोलत नव्हती, कुठे जाणार नव्हती, आणि तिच्या हातून पेज पीत होती.

देशकर तिला घेऊन गेले. जाताना त्यांनी अरुंधतीला दाराबाहेर बोलावलं.

"हुशारी केली तुम्ही. पण खरं सांगू? पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. वरवंटा धुतलेला. बोंडल्यावर कोणी शिक्षा देत नाही. मुलीचा जबाब पाहिजे. तो मिळाला तरच बाई आत राहील."

तो मिळेल असंच अरुंधतीला वाटलं. तिने रोशनीच्या पलंगाशी बसून सगळं सांगितलं. आत्याने कबूल केलंय, आता तुला घाबरायचं कारण नाही, फक्त पाटीवर नको, साहेबांसमोर कागदावर लिहून द्यायचं. रोशनीने सगळं ऐकलं. मग तिने लिहिलं, 'मी कुठे राहू?'

अरुंधतीने सांगितलं, "ते माझ्यावर सोड."

हे वाक्य तिने आजवर किती जणांना सांगितलं असेल याची गणती नव्हती.

ती आधी देवरावशी बोलली. तो हात जोडून म्हणाला, "कोराडीची बायको दारात उभी करनार नाई तिले. दोन पोट्टे आहेत लहान, एक खोली. मी पाहतो काही तरी. उद्या येतो." तो उद्या आला नाही, परवाही आला नाही.

सुमंत जामिनावर सुटला. अरुंधतीने फोन केला तर त्याच्या भावाने उचलला. "त्याले गावी पाठवून देल्लं, मॅडम. आता हा विषय बंद करा. आमच्या पोराची लई बदनामी झाली." मागून कोणीतरी काही बोलत होतं. तो सुमंतच असेल असं अरुंधतीला वाटलं. तो फोनवर आला नाही.

महिलांच्या आधारगृहातल्या बाई गोड बोलल्या. "जागा आहे हो. पण ही पेशंट आहे. हिला दिवसातून इतक्यांदा पातळ करून कोण घालणार? आमच्याकडे सगळ्यांना पोळी-भाजी. तारा निघाल्या की पाठवा." कारखान्याच्या वसतिगृहाने कळवलं की कामावर हजर असलेल्यांनाच खाट मिळते. गार्गींनी एका दिवसाचे चार दिवस केले, आणि मग त्यांनाही वरून फोन यायला लागले.

वॉर्डात सिंधूताई वेळ मिळेल तसं सिरिंजने दूध पाजत. पण साठ पेशंट आणि दोन सिस्टर, वेळ मिळायचा कुठून? रोशनीचे गाल बसले. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, असं सिंधूताई म्हणाल्या आणि दुसऱ्या पलंगाकडे गेल्या.

ज्या दिवशी देशकर जबाब घ्यायला आले, त्या दिवशी रोशनीने कागद मागून घेतला आणि न थांबता लिहून काढलं. अरुंधती तिच्या खांद्यावरून वाचत होती.

'मी घरात पाय घसरून पाट्यावर पडले. घाबरून बाहेर पळाले आणि बोळात परत पडले. मला कोणी मारलं नाही. सुमंतने नाही, आत्याने नाही.'

"रोशनी," अरुंधती म्हणाली, "हे खोटं आहे."

रोशनीने पाटी घेतली. 'तुम्ही फोन केले ते मी ऐकले. तिच्याशिवाय मला कोण नेतं?'

मारणारा माणूस शोधायला अरुंधतीला एक दिवस पुरला होता. सांभाळणारा माणूस तिला अख्ख्या नागपुरात सापडला नव्हता.

देशकरांनी कागदाची घडी घातली. "आता केस उभी नाही राहणार," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

दुसऱ्या दिवशी सुटून आलेली पार्वतीबाई तिला न्यायला आली. धुतलेलं लुगडं, वेणी घातलेली. तिने सिंधूताईंच्या पाया पडायचा प्रयत्न केला, त्या मागे सरल्या. रोशनीचे कपडे तिने एकेक करून घडी घातले. मग तिने अरुंधतीला विचारलं, "तपासाले परत कवा आनू हिले?"

"दर सोमवारी," अरुंधती म्हणाली. डॉक्टरांनी महिन्याने बोलावलं होतं. "दर सोमवारी आणायचं, आणि आधी माझ्या खोलीत. एक सोमवार चुकला तर मी पोलीस घेऊन इतवारीत येईन."

"चुकनार नाई जी."

फाटकापाशी ऑटो उभा होता. ऊन मी म्हणत होतं. पार्वतीबाईने आपला पदर रोशनीच्या डोक्यावर धरला. ती आत बसून सामान लावत असताना अरुंधतीने रोशनीचा हात उघडला आणि तळहातावर पेनाने आपला मोबाइल नंबर लिहिला. "काही वाटलं, नुसती शंका जरी आली, तरी फोन कर. कधीही."

लिहून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की या मुलीला बोलता येत नाही. ती ओशाळली. रोशनीला ते कळलं. तिने अरुंधतीच्या हातातलं पेन घेतलं आणि अरुंधतीच्याच तळहातावर लिहिलं, 'मिस्ड कॉल देईन.'

ऑटो गेला. त्या दिवसापासून अरुंधती आंघोळीला जातानाही फोन सोबत नेते.